सुकाणू किनाऱ्यावर

जून महिना लागला की आपल्या खाडीकाठचे चित्र पालटते. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, पलीकडे उरणच्या बाजूस मोरा आणि करंजा, जेथे जेथे कोळी बांधवांची वस्ती आहे तेथे तेथे नौका विसाव्याला येतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांनी समुद्रात मासेमारी करू नये असा आता शासनाचा दंडक आहे. परंतु दंडक नव्हता तेव्हाही भर पावसाळ्यात नौका खोल समुद्रात नेण्याचे धाडस शहाणा तांडेल करीत नसे. नौका वर ओढावी, झापांनी शाकारावी, फाटकी जाळी दुरुस्त करावी आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला त्याच्या स्वभावावर सोडून द्यावे, अशी ही जुनी रीत. मुंबई बंदरात गेटवेसमोर उभ्या असणाऱ्या शिडाच्या हौशी नौकाही याच सुमारास पाण्याबाहेर काढल्या जातात.

या काळात नौकेची जी अनेक कामे होतात त्यांपैकी एका कामाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते काम म्हणजे सुकाणू उतरविणे.

सुकाणू दोन प्रकारचे असते. एक नौकेच्या पाठीमागे बाहेरून टांगलेले. दाराला जशा बिजागऱ्या तशाच येथेही. सुकाणूला खुंट्या, नौकेच्या पाठीला कड्या. असे सुकाणू वर उचलले की निघते. दिसायला काम सोपे, पण जाणता माणूस प्रथम त्याला दोरी बांधतो, कारण हातातून निसटलेले लाकडी सुकाणू ओहोटीबरोबर निघून जाते आणि लोखंडाचे असेल तर सरळ चिखलात रुतते. दुसरा प्रकार नव्या धर्तीच्या शिडाच्या नौकांचा. तेथे सुकाणूचा दांडा नौकेच्या तळातून आत येतो. तो उतरवायचा तर वरचा दांडा सोडवावा लागतो, पाणी आत येऊ नये म्हणून आवळलेले वेष्टण सैल करावे लागते, आणि सगळे धूड खाली सोडावे लागते. त्यासाठी नौका पुरेशी उंच उचलावी लागते, नाहीतर तिच्याखाली खड्डा खणावा लागतो. पाण्यातच असे सुकाणू काढू म्हटले तर दांड्याच्या भोकातून समुद्रच आत यावयाचा!

एवढा खटाटोप कशासाठी? कारण झीज नेमकी तेथे असते जेथे डोळा पोहोचत नाही. वरून रंग शाबूत, आत खुंटी झिजून बारीक झालेली. फायबरच्या सुकाणूच्या पोटात लोखंडी सांगाडा असतो. दांडा जेथे आत शिरतो तेथे केसाएवढी चीर पडते, तीतून खारे पाणी झिरपते, आणि वर्षानुवर्षे सांगाडा आतल्या आत गंजत राहतो. कारागीर खालच्या कडेला एक बारीक छिद्र पाडतो. तांबडे पाणी ठिबकू लागले की निदान झाले.

आणि आम्हाला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. खुंट्या झिजल्या की सुकाणूत ढिलेपणा येतो. कारागिरांच्या भाषेत ‘प्ले येतो’. दांडा बोटभर फिरविला तरी खाली काहीच हलत नाही, मग एकदम हलते. परंतु ही ढिलाई एका दिवसात येत नाही. ती इतकी हळूहळू येते की तांडेलाचा हात तिच्याशी जुळवून घेतो. पूर्वी एक बोट फिरविणारा हात आता दोन बोटे फिरवितो, पुढे चार. त्याला विचाराल तर तो प्रामाणिकपणे सांगेल, की माझे सुकाणू उत्तम आहे. तो खोटे बोलत नाही. त्याच्या हाताला झीज कळेनाशी झालेली असते, एवढेच. परका माणूस दांड्याला हात लावतो तेव्हा पहिल्याच क्षणी म्हणतो, “अहो, हे तर खिळखिळे झाले आहे!”

संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेला सुकाणूची उपमा दिली आहे. एवढेसे सुकाणू एवढ्या मोठ्या तारवाला वळविते, तशी एवढीशी जीभ सगळ्या देहाला. आम्ही येथे तीच उपमा थोडी आत नेत आहोत. मनुष्याला वळविणारे खरे सुकाणू म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी. आणि आमच्यापुढचा प्रश्न असा: हे सुकाणू झिजले आहे हे कळावे कसे, आणि कळले तर ते उतरवून दुरुस्त करणे शक्य तरी आहे काय?

धर्मगुरूच्या कानांवर एक वाक्य वारंवार येते. “फादर, माझे मन मला खात नाही.” मराठी भाषेने हा फार सुंदर शब्दप्रयोग आपल्याला दिला आहे. वाईट घडले की मन खाते. खात नसेल तर वाईट घडलेले नाही, असा त्यामागचा विश्वास. पुष्कळदा तो खराही असतो. पण प्रत्येक वेळी?

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घराचे नाही. म्हणूनच ते पुष्कळ घरांचे आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे दोन भाऊ, एक बहीण. वसईकडील वाडी असो, उत्तनचे घर असो, की येथे नवी मुंबईत मूळ ग्रामस्थांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतून मिळालेला भूखंड असो; ज्या जमिनीला काल कोणी विचारीत नव्हते तिला आज सोन्याचे मोल आले आहे. बहीण बोलाविली जाते. हक्कसोडपत्र तयार असते. ती सही करते. सगळे मिळून जेवतात, तिला साडी दिली जाते, आणि संध्याकाळच्या गाडीने ती आपल्या घरी जाते. भावाचे मन त्याला खात नाही. “आपल्यात रीतच आहे. तिच्या लग्नात आम्ही खर्च केला होता. आणि तिने तर हसत सही केली.”

ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मृत्युपत्राअभावी मुलगा व मुलगी यांत भेद करीत नाही, हे भावाला बहुधा ठाऊक असते. ठाऊक नसते तर सहीची गरजच वाटली नसती. बहीण हसली, कारण सही नाकारली तर माहेर तुटेल हे तिला ठाऊक होते. तिच्या नवऱ्याचे काम सुटलेले असेल, मुलाच्या शिक्षणाचे कर्ज असेल, तरीही ती हसली. क्वचित एखादी बहीण खरोखरच आनंदाने, भावाची ओढग्रस्त पाहून, आपला वाटा सोडते. त्या दानाला आम्ही प्रणाम करतो. पण दान आणि वसुली यांतील फरक ओळखणे हे ज्या विवेकाचे काम, तोच येथे गप्प आहे. भाऊ दुष्ट नाही. तो रविवारी मिस्साला असतो, धर्मग्रामाच्या कामात पुढे असतो. त्याच्या आजोबांनी हेच केले, वडिलांनी हेच केले, शेजारी हेच करतो. खुंटी तीन पिढ्यांत झिजली आहे आणि हाताला तिची सवय झाली आहे.

आता तत्त्वज्ञानाची अडचण येथे उभी राहते. आपल्या विवेकाची परीक्षा घ्यायची ती कशाने? विवेकानेच ना? मग जे माप खोटे ठरले आहे त्यानेच त्याचे माप घ्यावयाचे! ओटो नोयराथ या ऑस्ट्रियन विचारवंताने (१८८२–१९४५) मानवी ज्ञानाविषयी एक प्रसिद्ध दृष्टांत दिला. आपण सारे भर समुद्रातल्या खलाशांसारखे आहोत. नौका दुरुस्त करायची तर ती चालू असतानाच, एकेक फळी बदलून. कोरड्या गोदीत नेऊन सगळी खोलण्याची सोय आपल्याला नाही. दृष्टांत मार्मिक आहे आणि फळ्यांपुरता तो खराही आहे. आपल्या मुंबईतच बांधलेल्या आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘सुहैली’ या सागवानी नौकेची कथा येथे आठवते. तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज नाविकाने १९६८–६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवस. अटलांटिक महासागरात नौका पाणी घेऊ लागली तेव्हा त्याने बुड्या मारमारून तळाच्या सांध्यावर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. फळी समुद्रात बुजविता आली.

सुकाणूची गोष्ट निराळी. जे उतरविल्यावाचून तपासता येत नाही आणि जे उतरविले की नौका निराधार होते, त्याला किनारा लागतोच. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७–१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचे चार मुक्काम आधी ठरलेले होते. पण शेवटच्या टप्प्यात नौका वळविण्याची यंत्रणा बिघडली, तेव्हा त्यांनी ठरलेला नसलेला पाचवा मुक्काम मॉरिशसच्या पोर्ट लुईस येथे केला. केप हॉर्नला वळसा घालून आलेल्या, मोठमोठ्या लाटा झेललेल्या या स्त्रिया. आता घर जवळ आले आहे, असेच रेटून नेऊ, असे त्यांना वाटले असते तर नवल नव्हते. तरी त्या थांबल्या, आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यास सुखरूप पोहोचल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक सर्वांनी केले. आम्हाला त्यांच्या त्या थांबण्याचे कौतुक अधिक वाटते.

तेव्हा नोयराथला आमचे उत्तर असे, की मनुष्याला किनारा आहे. तो त्याच्या स्वतःच्या डोक्यात नाही, हीच त्याची खूण. विवेक स्वतःला स्वतःपासून तपासू शकत नाही हे खरे, पण तो स्वतःला दुसऱ्याच्या हाती क्षणभर देऊ शकतो. देवाचा शब्द, ख्रिस्तसभेची शिकवण, समेटाच्या संस्कारातील ऐकणारा कान ही किनाऱ्याची परिचित नावे. आणखी एक नाव आपण फारसे घेत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला असण्याची शक्यता आहे, तो माणूस. वरच्या उदाहरणातील भावाने दहा पुस्तके वाचली तरी जे कळणार नाही ते बहिणीच्या घरी एक दिवस, सहीचा विषय न काढता, नुसते बसून कळेल. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या मुलांच्या बोलण्यात, तिच्या नवऱ्याच्या मौनात. कारागिराने पाडलेले छिद्र ते हेच.

संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचा गाभा फार पूर्वी मांडून ठेवला आहे. चुकलेला विवेकसुद्धा बांधून ठेवतो. त्याच्याविरुद्ध वागणे हे पाप. परंतु तो चुकला यात माणसाची स्वतःची हयगय असेल, तर त्याच्या सांगण्याप्रमाणे वागल्याने माणूस निर्दोष ठरत नाही. सेमिनरीत आम्ही हे शिकलो तेव्हा ते कोड्यासारखे वाटे. विवेकाप्रमाणे वागावे तरी दोष, न वागावे तरी दोष. मग माणसाने करावे तरी काय? थॉमस म्हणतात, कोंडी खरी नाही. चूक सोडता येते. म्हणजेच सुकाणू उतरविता येते. ज्याला ते उतरविता येते आणि जो ते उतरवीत नाही, त्याची हयगय ती हीच.

एक आक्षेप आम्हाला ऐकू येतो आहे. किनारा म्हणून ज्या ख्रिस्तसभेकडे बोट दाखविता, तिचे स्वतःचे सुकाणू कधी झिजले नाही काय? झिजले. गुलामगिरी शतकानुशतके चालली आणि पुष्कळ भाविकांचे, धर्मगुरूंचेही, मन त्यांना खात नव्हते. आपल्या देशात देवळाच्या बाकांवर जातिभेद बसला होता आणि काही ठिकाणी अजून उठलेला नाही. म्हणूनच ख्रिस्तसभाही आपले सुकाणू उतरविते. दुसरी व्हॅटिकन परिषद ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ भरली, ती आमच्या मते अशीच एक गोदी होती; आणि १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली, तेही तांबडे पाणी ठिबकू देणेच होते. त्याने काहींची श्रद्धा डळमळली असे म्हणतात. आमची बळकट झाली. जे सुकाणू कधीच उतरविले जात नाही त्याच्या भरवशावर आम्ही खाडीसुद्धा ओलांडणार नाही.

याच्या उलट बाजूचाही धोका आहे, आणि आपल्या धर्मग्रामांत अशीही माणसे आहेत, विशेषतः भाविक, हळव्या मनाची. ती सुकाणू रोज उतरवितात. काल कबूल केलेले पाप आज पुन्हा कबूल करतात. दिलेल्या क्षमेवर विश्वास बसत नाही. त्यांचे सुकाणू सैल नसते, जाम असते. संत इग्नाती लोयोला यांनी स्वतः हा छळ सोसला होता, म्हणून त्यांचा सल्ला मोलाचा: मन निराशेच्या काळोखात असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. म्हणजे वादळात सुकाणूला हात लावू नये. त्याला ऋतू असतो. (यांत्रिक नौकांच्या बंदीचा शेवटचा दिवस, ३१ जुलै, हाच इग्नातींचा सण आहे. योगायोगच, पण आम्हाला तो आवडतो.) ख्रिस्तसभेने प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस नेमून दिले आहेत ते यासाठीच. वर्षभर नौका चालावी आणि नेमल्या वेळी वर घ्यावी.

मग सुकाणू किनाऱ्यावर पडले असताना काय करावे? या बाबतीत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय पुन्हा वाचावा असे आम्ही सुचवू. संत पौल बंदी म्हणून रोमकडे नेला जात आहे. तारवावर २७६ माणसे. चौदा रात्री वादळ. त्या काळी पाठीमागे टांगलेले सुकाणू नव्हते, दोन्ही बाजूंना दोन मोठी वल्ही असत. किनारा जवळ आल्याची चाहूल लागली तेव्हा खलाशांनी पाठीमागून चार नांगर टाकले, आणि ती सुकाणूची वल्ही दोरांनी बांधून ठेवलेली होती, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी ती सोडविली तेव्हा कळते. रात्रभर त्यांनी एकच केले: उजाडण्याची प्रार्थना. आणि त्याच रात्री काही खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडीतून पळू पाहत होते. पौलाने ते ओळखले. हे तारवात राहिले नाहीत तर कोणीच वाचणार नाही, असे त्याने शताधिपतीला बजावले, आणि शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले.

नीतिशास्त्राचा जुना नियम आहे, की विवेक संशयात असताना कृती करू नये. भावाला शंका आली असेल तर हक्कसोडपत्राची नोंदणी पुढे ढकलावी. वकील काय म्हणेल, दलाल काय म्हणेल, याची भीड धरू नये. नांगर टाकून थांबणे हे काही न करणे नव्हे. पण थांबण्याच्या नावाखाली लहान होडीतून पळणेही असतेच. “बघू, विचार करू” म्हणत वर्षे काढणे, तोवर भूखंडाचा करार एका विकासकाशी परस्पर उरकून घेणे, आणि शेवटी आता काय उपयोग, असे म्हणणे. ही होडी आम्ही पुष्कळ वेळा पाहिली आहे. तिचे दोर कोणी कापायचे? बहुधा घरातील स्त्रियांनी. भावाची पत्नीही कोणाची तरी बहीण असते.

‘सुहैली’चा एक धडा येथे सांगण्याजोगा आहे. वाऱ्याच्या आधाराने नौका आपोआप वळविणारी तिची यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली. पुढचा अर्ध्याहून अधिक प्रवास उरला होता आणि एकटा मनुष्य चोवीस तास सुकाणूपाशी बसू शकत नाही. तेव्हा त्याने शिडांचाच असा तोल साधला, की नौका तासन्‌तास आपली दिशा धरून चाले आणि तो झोप घेई. सद्गुण म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही हेच उदाहरण देऊ. ज्या घरात मुलगी आणि मुलगा यांच्या ताटात लहानपणापासून सारखेच वाढले गेले, त्या घरात वाटणीच्या दिवशी विवेकाला फारसे कष्ट पडत नाहीत. शिडांचा तोल आधीच साधलेला असतो.

सुकाणू पुन्हा बसविणे हे उतरविण्यापेक्षा अवघड, असे जाणकार सांगतात. खुंट्या आणि कड्या एका रेषेत याव्या लागतात, नव्या धातूचा जुन्याशी मेळ पाहावा लागतो. दोन न जुळणारे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले तर एक दुसऱ्याला खातो. आणि बसवून झाल्यावर पहिले काही दिवस निराळीच गंमत होते. तांडेलाच्या हाताला चार बोटे फिरविण्याची सवय लागलेली असते. आता सुकाणू घट्ट असते. तो जुन्या सवयीने चार बोटे फिरवितो आणि नौका भलतीकडेच वळते. मग तो उलटी फिरवितो. ती पुन्हा दुसरीकडे झुकते. खाडीत पाहणारे हसतात. बहिणीचा वाटा परत देऊन आलेला भाऊ काही दिवस असाच वागतो. प्रत्येकाला न्याय शिकवू लागतो, शेजाऱ्याच्या वाटणीत डोके घालतो, जेवताना मुलांना प्रवचने देतो, आणि दिलेल्या वाट्याचा हिशेब बहिणीपुढे एकदा तरी काढून दाखवितो. घरच्यांनी त्याला हसू नये, चिडूही नये. हात अजून नव्या सुकाणूला सरावतो आहे. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या तांडेलही खोल पाण्यात जात नाही.